लेफ्ट फील्डचा बंदोबस्त

पोलीस म्हटला की डोळ्यांपुढे धावणारा माणूस येतो. हा सिनेमावाल्यांचा प्रताप. खरा पोलीस उभा असतो. चौकात उभा, मिरवणुकीत उभा, ताफा दोन तास उशिरा येणार हे ठाऊक असूनही तासभर आधीपासून उभा. या उभं राहण्याला खात्यात बंदोबस्त म्हणतात आणि तो चोख झाल्याचा पुरावा एकच, की काही घडलं नाही. तीस-पस्तीस वर्षं ‘काही घडलं नाही’ हे घडवत राहायचं आणि शेवटी शाल-नारळ घेऊन घरी जायचं. आता सॉफ्टबॉलच्या मैदानात डावीकडे लांब उभा असलेला लेफ्ट फील्डर बघा. गुडघ्यांवर हात, नजर समोर, तोंडावर ऊन. सात डावांत चेंडू त्याच्याकडे दोनदा आला तरी पुष्कळ; पण तो कधी येईल ते सांगता येत नाही आणि नेमका डुलकीच्या वेळी आला तर सगळं मैदान बघतं. माझं म्हणणं एवढंच, की जन्मभर सॉफ्टबॉलला चिकटून राहिलेला पोलीस हा योगायोग नाही आणि नुसता विरंगुळाही नाही. वाट बघत उभ्या असलेल्या वर्दीवाल्यासाठीच जणू हा खेळ निघाला आहे.

पुरावा परदेशातला आहे, पण भक्कम आहे. १८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात काही तरुण येल-हार्वर्ड फुटबॉल सामन्याच्या निकालासाठी ताटकळले होते. कुणीतरी बॉक्सिंगचा ग्लोव्ह फेकला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला आणि जॉर्ज हॅनकॉकने त्यातून चार भिंतींच्या आत खेळायचा खेळ उभा केला. पुढे १८९५ मध्ये मिनियापोलिसच्या अग्निशमन दलातल्या लुईस रोबरने असाच खेळ आपल्या जवानांना लावला. घंटा वाजेपर्यंत बसून बसून त्यांची अंगं जड होऊ नयेत म्हणून. म्हणजे जन्म निकालाची वाट बघताना आणि मुंज वर्दीवाल्यांच्या घरी. बाकी ‘सॉफ्ट’ हे नाव निव्वळ फसवणुकीचं प्रकरण आहे. बारा इंच घेराचा तो चेंडू एकदा नडगीवर बसला, की फिर्याद कुठल्या कलमाखाली घ्यावी हे माहीत असलेला माणूससुद्धा काही काळ बोलत नाही.

असा माणूस कुरुळीच्या पट्ट्यात ठेवून बघावा, म्हणजे तो नीट दिसतो. कुरुळीची जागाच मोठी गंमतीची. गाव ग्रामपंचायतीचं, तालुका खेड, आजूबाजूला चाकणचे कारखाने, मधून पुणे-नाशिक महामार्ग, आणि पोलीस मात्र शहरी. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि पुणे ग्रामीणचं चाकण त्यात आलं. सकाळ-संध्याकाळ शिफ्ट सुटली की कंटेनर, कामगारांच्या बसगाड्या आणि दुचाक्या एकमेकींत अशा गुंततात, की शिट्टी वाजवणाऱ्याला आपणच अडथळा आहोत की काय असं वाटू लागतं. इथे सगळेच आपापल्या परीने नियम पाळतात. फक्त ते एकमेकांचे नियम नसतात. अशा ठिकाणी आठवडाभर हात हलवलेला फौजदार रविवारी सकाळी सहाला फक्की आणि टेप घेऊन मैदानावर येतो. अपघाताच्या पंचनाम्यात रस्त्याच्या कडेपासून चाकाच्या खुणेपर्यंतचं अंतर ज्या गंभीरपणे मोजतो, त्याच गंभीरपणे बेस ते बेस साठ फूट मोजतो. फरक इतकाच, की हे साठ फूट उद्या कोणी वकील उलटतपासणीत पंचावन्न करत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. ४२० चं ३१८ झालं, ३०२ चं १०३ झालं आणि तीस वर्षांचं पाठांतर एका रात्रीत मोडीत निघालं. साठ फूट मात्र जागेवर आहेत.

पण खरं मर्म पंच या शब्दात आहे. पोलिसाच्या नोकरीत पंच ही सर्वांत दुर्मिळ वस्तू. पंचनाम्याला दोन पंच लागतात, आणि गाडी उलटली तेव्हा दोनशेच्या संख्येने मोबाइल धरून उभे असलेले लोक पंच म्हणताच कामाला उशीर होत असल्याचं आठवून पांगतात. शेवटी टपरीवाल्याच्या हातापाया पडायचं. तो सही करतो, चार वर्षांनी कोर्टात उभा राहतो आणि ‘कोऱ्या कागदावर सही घेतली’ म्हणून फितूर होतो. मैदानावर मात्र हाच फौजदार स्वतः पंच! फितूर होणार तरी कोण? हातातल्या मोजणीयंत्रावर अंगठ्याने चार बॉल, तीन स्ट्राइक मोजायचे. छातीपासून गुडघ्यापर्यंतची एक अदृश्य चौकट डोळ्यांत धरायची. धावणारा आणि चेंडू बेसवर एकदमच पोचले तरी पापणी लवायच्या आत सांगायचं. दोन्ही हात आडवे पसरले की सेफ, मूठ उगारली की आऊट. हात आडवे पसरणं त्याला महामार्गावर जमलेलं असतंच, पण तिथे त्या हातांखालून रिक्षा निघून जाते. तपास नाही, तारीख नाही, वरच्या कोर्टात अपील नाही. खेळात अपील म्हणून एक प्रकार आहे, पण तो अदखलपात्र गुन्ह्यासारखा: धावणाऱ्याने बेसला पाय न लावल्याचं पंचाने धडधडीत पाहिलं, तरी समोरच्या संघाने तक्रार केल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. हा नियम इतरांना समजावताना घाम फुटतो. पोलिसाला तो घरचा वाटतो. होमप्लेटवर धूळ साचली की खिशातून छोटा ब्रश काढून, मैदानाकडे पाठ करून, तो ती अशी झाडतो, की देव्हाऱ्यासमोर वाकलेल्या माणसाची आठवण व्हावी.

विरोधक म्हणतील, हे सगळं नोकरीसाठी. सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी माणसं न खेळलेल्या खेळांचीही प्रमाणपत्रं आणतात आणि ती प्रकरणं पुन्हा पोलिसांकडेच येतात. मान्य. पण नोकरीसाठी खेळणारा नेमणुकीचं पत्र आलं त्या संध्याकाळी ग्लोव्ह माळ्यावर टाकतो. हा पठ्ठ्या पुढे पंचवीस वर्षं खेळतो, गुडघा गेला की मुलांना शिकवतो, आवाज बसला की पंच होतो, आणि पंचगिरीही झेपेनाशी झाली की गुणलेखकाच्या टेबलावर बसून पेन्सिलीला टोक करतो. आयुष्यभर चोर पकडणारा हा गृहस्थ रविवारी चौदा वर्षांच्या पोरांना चोरी शिकवतो. ‘पिचरच्या हातातून बॉल सुटल्याशिवाय पाय उचलायचा नाही, सुटला की मागे बघायचं नाही, सेकंड बेस गाठायचा.’ पोरांचे पालक कठड्यावर बसून त्याला एकच प्रश्न विचारतात: ‘साहेब, दहावीला खेळाचे मार्क मिळतील ना?’ या प्रश्नाचं त्याने दिलेलं उत्तर कधीच सरळ नसतं. पोलिसी खाक्या तेवढ्यापुरता बाहेर येतो.

दुसरा आक्षेप मातीचा. खेड तालुका बैलगाड्यांचा, कुस्तीचा, कबड्डीचा. त्यात हा अमेरिकन खेळ कशाला? खात्याला खेळाडू हवा तर खाशाबा जाधवांचा आदर्श आहेच. १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळवून ते १९५५ मध्ये पोलिसात आले आणि सहायक आयुक्त होऊन निवृत्त झाले. त्या थोर माणसापुढे कोणीही वाकावं. पण कुस्तीच्या आखाड्याला आणि गाड्यांच्या घाटाला गर्दी असते, आणि गर्दी आली की पोलीस आपोआप ड्युटीवर जातो. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाड्यांची वाट मोकळी केल्यापासून घाटाच्या कडेला दोर धरून कोण उभं असतं? हाच. सॉफ्टबॉल हा त्याला सापडलेला एकमेव खेळ, जो बघायला कुणी येत नाही. ‘म्हणजे बेसबॉल का?’ एवढं विचारून रस्त्याने जाणारा पुढे जातो. ज्या खेळाला बंदोबस्त लागत नाही, तिथे पोलिसाला खेळता येतं.

तिसरा आक्षेप घरातून येतो आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पोलिसांच्या किरकोळ रजा २०२२ मध्ये बाराच्या वीस झाल्या. त्यांतल्या निम्म्या राज्य स्पर्धेला आणि निवड चाचणीला जातात. मेहुण्याच्या लग्नाला मात्र बंदोबस्त निघतो. बायकोने खेळाचे नियम एकदाच शांतपणे ऐकून घेतले आहेत. ‘होमवरून निघायचं, तीन ठिकाणी थांबायचं आणि परत होमला यायचं, तेव्हा एक रन,’ असं त्याने सांगितल्यावर ‘मग तुमच्या नावावर किती?’ एवढंच ती म्हणाली. एकूण अंतर दोनशेचाळीस फूट. निवडणूक, गणपती, वारी धरली तर खऱ्या घरी परतायला त्याला कधीकधी चार दिवस लागतात.

२०२८ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतो आहे. तेव्हा आपला फौजदार बहुधा कुठल्यातरी चौकात उभा असेल. तोवर वाचकांना दोन विनंत्या. रविवारी मैदानाच्या डाव्या कडेला गाडी लावू नका, तिथे लेफ्ट फील्ड आहे. आणि चौकीवरून पंच व्हायला बोलावणं आलं, तर उशीर होत असला तरी जा.