मुरलेली आवड

अभिजात भयपट निवडावेत कसे, हे परीक्षकांकडून शिकावं. १९३३च्या 'किंग काँग'ला ऑस्करचं एकही नामांकन नाही. एम्पायर स्टेट इमारत चढला म्हणून काय झालं? १९६०च्या 'सायको'ला नामांकनं चार, पुरस्कार शून्य. 'द शायनिंग'मध्ये थरथरत्या हातांनी बॅट फिरवत उलट्या पावली जिना चढणारी शेली डुव्हाल पहिल्याच रॅझी पुरस्कारांत 'सर्वांत वाईट अभिनेत्री'च्या यादीत. नामांकन मागे घेतलं २०२२मध्ये. घाई कशाला? आवड लोणच्यासारखी मुरू द्यावी. आता नियमच करावा: दिग्दर्शक हयात तोवर चित्रपट टुकार, वर्षश्राद्ध उरकलं की अभिजात. माझी यादी तयार आहे. अडचण एकच, त्यातल्या दोघा दिग्दर्शकांची तब्येत अजून ठणठणीत आहे.