पुण्यात ९.८१ कुठून आला?

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची भौतिकशास्त्राची जर्नलं उघडा आणि साध्या लंबकाचा प्रयोग काढा. आखीव पानावर शाईने एम, अपॅरेटस, फॉर्म्युला. समोरच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती आणि रीडिंगचा तक्ता. शेवटी चौकटीत उत्तर: गुरुत्वीय त्वरण, म्हणजे जी, बरोबर ९.८१. पुढच्या जर्नलात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. खाली सरांची लाल सही.

पुण्यात जी ९.८१ नाही. तो ९.७८च्या जवळ आहे. मुंबईत, नागपुरातही ९.७८ ते ९.७९च्या दरम्यानच. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, म्हणून आपल्याकडे जी कमी भरतो, ९.८१ हा पंचेचाळीस अक्षांशाच्या आसपासचा आकडा. मुलं रीडिंग जुळवतात, आणि जुळवतात तेही परमुलखाच्या आकड्याशी. त्यावर सही होते, याचा मला संताप येतो.

हातातल्या स्टॉपवॉचने हा बारीक फरक पकडता येत नाही, हे खरं. पण म्हणूनच ९.८१ अधिक संशयास्पद. एक मीटरच्या लंबकाची २० आंदोलनं साधारण ४० सेकंदांत होतात. बटण दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले की वेळेत अर्ध्या टक्क्याची चूक. सूत्रात वेळेचा वर्ग आहे, म्हणून जीमध्ये एक टक्का, म्हणजे ०.१. वर्गाने खरोखर मोजलं असेल तर कुणाचा ९.७ येईल, कुणाचा ९.९. सगळ्यांचा तिसऱ्या अंकापर्यंत एकच आला, तर तिथे मोजमाप झालेलंच नाही.

मुलांवर खापर फोडू नका. सर्टिफाइड जर्नलाशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत, सत्र संपताना सबमिशनची घाई उडते, आणि सीनियरचं जर्नल हाताशी असतं. त्यातूनही एखादी मुलगी ९.६ घेऊन सरांच्या टेबलाशी जाते. तिला उत्तर मिळतं, ‘चुकलं, परत घे.’ ९.६ का आला, हे कुणी विचारत नाही. दुसऱ्यांदा ती रीडिंग घेत नाही, ९.८१ धरून उलटं गणित करते आणि वेळ काढते. खोटं लिहायला तिला त्या टेबलाने शिकवलं.

आणि त्या ९.६मध्ये काय दडलं होतं बघा. समजा, तिने लांबी फक्त दोऱ्याची मोजली, बॉबची, म्हणजे लंबकाच्या गोळ्याची, त्रिज्या धरली नाही. त्रिज्या १ सेंटिमीटर असेल तर १०० सेंटिमीटर दोऱ्याला जी ९.७च्या आसपास येतो, ५० सेंटिमीटरला ९.६पर्यंत उतरतो. दोरा आखूड होईल तसा जी घसरतो, हे तक्त्यात उघड दिसतं. आता तिला लांबी आणि टी-वर्ग (आंदोलनकाळाचा वर्ग) यांचा ग्राफ काढू द्या. रेषा शून्यातून जाणार नाही. ती मागे वाढवली की लांबीचा अक्ष शून्याच्या १ सेंटिमीटर अलीकडे छेदते. ती बॉबची त्रिज्या! आणि रेषेच्या चढावरून काढलेला जी या चुकीपासून मोकळा असतो. एका विसरलेल्या त्रिज्येतून एवढं भौतिकशास्त्र हाती येतं. आपण मात्र पट्टी लावून रेषा शून्यातून ओढायला लावतो.

रसायनशास्त्रात वेगळं काही नाही. टायट्रेशनची तीन रीडिंगं १०.२, १०.२, १०.२ आणि सीबीआर, म्हणजे ब्युरेटचं स्थिर रीडिंग, १०.२. तिसऱ्या वेळी ब्युरेट भरलीच नव्हती, हे लॅबमधल्या सगळ्यांना ठाऊक असतं.

१८९२ साली भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांच्यापुढेही न जुळणारा तक्ता होता. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांपासून बनवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरत होता. त्यांनी तो फरक ‘नेचर’मध्ये छापला आणि रसायनतज्ज्ञांना कारण विचारलं. पुढे जास्त काटेकोर प्रयोगांत त्यांच्या काचेच्या गोळ्यात एक २.३१० ग्रॅम भरला, दुसरा २.२९९. अर्धा टक्का! १८९४ मध्ये रसायनतज्ज्ञ रॅम्झी यांच्यासह त्यांनी या फरकामागचा नवा वायू, आर्गन, जाहीर केला. १९०४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, रॅलींना भौतिकशास्त्राचं, रॅम्झींना रसायनशास्त्राचं. आपल्या खोलीतल्या हवेत जवळपास एक टक्का आर्गन आहे. आपल्या लॅबमध्ये रॅलींना ‘परत घे’ म्हटलं असतं.

प्राध्यापकांकडे आणि अभ्यास मंडळांकडे माझी मागणी साधी आहे. रीडिंग प्रयोगाच्या टेबलावरच, शाईने लिहून घ्या. खोडलेलं रीडिंग पानावर दिसू द्या, सुंदर अक्षराचे गुण काढून टाका. उत्तराशेजारी त्यातली संभाव्य चूक लिहिलेली नसेल तर सही करू नका. आणि व्हायवाला एक प्रश्न सक्तीचा ठेवा: ‘या तक्त्यातलं कुठलं रीडिंग तुला पटत नाही, आणि का?’ ज्याला हे सांगता येईल त्याला पूर्ण गुण द्या, त्याचा जी ९.६ आला तरी.