स्वयंचलिताचा पट्टा
इंग्लंडमध्ये एडविन बडिंग याने 1830 साली गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले तेव्हा ते ढकलणे माणसाकडेच होते. अमेरिकी उपनगरातील गृहस्थ मात्र ते कष्ट टाळण्यासाठी ‘स्वयंचलित’ यंत्र घेतो, म्हणजे ज्यात इंजिनाच्या पुलीपासून चाकांच्या गिअरबॉक्सपर्यंत गती नेणारा व्ही-बेल्ट, अर्थात समलंब छेदाचा रबरी पट्टा, असतो. तो झिजून घसरू लागला की पाते जोमाने फिरत राहते, चाके तेवढी संन्यास घेतात, आणि मालकाला गिअरबॉक्सचे जादा वजनही ढकलण्याचा मान मिळतो. पट्टा तसा स्वस्त असतो. परंतु स्पार्क प्लगची वायर काढून, एअर फिल्टर वरच्या बाजूला राहील अशा बेताने यंत्र कलते करून (एरवी इंजिनातील तेल फिल्टरमध्ये उतरते), पाते व आच्छादन सोडवल्यावरच बहुधा त्याचे दर्शन घडते. जुना पट्टा कोणत्या वाटेने गुंडाळला होता हे पाहून ठेवायचे असते, हे तो काढून फेकल्यावरच आठवावे, असा या विद्येचा परिपाठ दिसतो. दरम्यान गवत वाढत असते, आणि अनेक अमेरिकी शहरांत त्याच्या उंचीला नगरपालिकेची मर्यादा असल्यामुळे शेजाऱ्यांची सहानुभूती इंचांत मोजली जाऊ लागते.