आगीस नम्र विनंती

आमच्या दहा मजली कचेरीतली आगीची कवायत यंदाही निर्विघ्न पार पडली. इमारत ६ मिनिटांत रिकामी! आगीत लिफ्ट वापरू नये, हा नियम कसोशीने पाळायचा म्हणून सातव्या मजल्यावरच्या, व्हीलचेअर वापरणाऱ्या सहकाऱ्यांना त्या दिवशी भरपगारी रजा दिली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ८ आपत्तीत समान संरक्षण द्या म्हणते; आमच्या साहेबांनी आपत्तीच टाळली. जिन्यावरून माणूस उतरवायची खास खुर्चीही आहे बरं का. कुलपात, अजून प्लॅस्टिकमध्ये. किल्लीवाले गृहस्थ कवायतीत सर्वांत आधी खाली पोहोचले. टाळ्या!

आता खऱ्या आगीने फक्त आठवडाभर आधी लेखी कळवावे. रजेचा कोरा अर्ज सूचनाफलकावर लावला आहे. फलक तळमजल्यावर, तीन पायऱ्या चढून.