फोर बाय फोर घेण्यापूर्वी घ्यावयाची बैठक

प्रस्तुत मार्गदर्शन धाराशिव जिल्ह्यातील अशा कुटुंबांसाठी आहे, ज्यांना चारही चाकं फिरणारी गाडी घ्यायची आहे आणि पेट्रोल की डिझेल या प्रश्नावरून ज्यांच्या घरात आठवडाभर कुणी कुणाला ‘जेवलास का’ म्हणून विचारलेलं नाही. गाडी आधीच बुक केलेल्यांनीही वाचायला हरकत नाही. बुकिंग रद्द करता येतं. पाव्हण्यांत बोलून दाखवलेला शब्द रद्द करता येत नाही, म्हणून वाचायचं ते बोलण्याआधी वाचावं.

आधी पात्रता. सरकारदरबारी दुष्काळी म्हणून नोंद असलेल्या जिल्ह्यात चिखलासाठी पंधरा लाख घालणं कुणाला विसंगत वाटेल. तसं म्हणणारा माणूस काळ्या रानात कधी गेलेला नाही. आपल्याकडे पाऊस वर्षभर वाट बघायला लावतो आणि आला की एका सांजेत पाणंद बंद करून टाकतो. परंड्याच्या किंवा कळंबच्या काळ्या मातीत चाकाला चिकटलेला चिखल मडगार्डमध्ये भरतो, मग चाक फिरायचंच थांबतं. तिथे दोन चाकांचा जोर कामाचा नाही. तेव्हा अर्जदाराने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : डांबरी सडकेपासून आपलं शेत किंवा वस्ती किती लांब आहे? उत्तर ‘सडकेला लागूनच’ असेल तर त्याने साधी गाडी घ्यावी आणि उरलेल्या पैशात बोअर मारावी. हे मार्गदर्शन तो मानणार नाही, हे गृहीत धरून पुढे जाऊ.

बैठक अमावस्या टाळून घ्यावी. उपस्थिती साधारण अशी असते. अण्णा, म्हणजे घरातले कर्ते. यांच्याकडे ट्रॅक्टर आहे, ट्रॅक्टरसाठी डिझेलचा ड्रम आहे, आणि त्यामुळे जगात डिझेल हे एकच इंधन आहे असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. पुण्यात हिंजवडीला नोकरीला असलेला मुलगा, हा पेट्रोलचा. दाजी, ज्यांच्याकडे स्वतःची मोटारसायकल आहे आणि सगळ्यांच्या गाड्यांची माहिती. आणि आई, जी चहा ठेवून दारात उभी राहते आणि बैठकीतला एकमेव तांत्रिक प्रश्न विचारते : “मला चढाया येईल का त्यात?” या प्रश्नाकडे सगळे दुर्लक्ष करतात. पुढे गाडी आल्यावर तिच्यासाठी प्लास्टिकचा स्टूल डिकीत कायमचा ठेवावा लागतो.

अण्णांचा पहिला मुद्दा ताकदीचा असतो. “ताकद डिझेललाच असती बाबा. पेट्रोल म्हंजी निस्ता बारीक आवाज.” याला वाद घालण्याऐवजी इतिहास सांगावा. महिंद्रांनी १९४७ मध्ये विलीज जीप जोडायला घेतल्या, त्या जीप पेट्रोलवर चालायच्या. लष्कराने वर्षानुवर्षं डोंगरदऱ्यांत पळवली ती जिप्सीसुद्धा पेट्रोलवरचीच. डिझेलची ताकद ही समजूत खोटी नाही, जुनी आहे. डिझेल इंजिनात हवा दाबून इतकी तापवतात की ठिणगीशिवाय इंधन पेटतं, आणि त्याचा जोर खालच्या फेऱ्यांतच मिळतो. चिखलात हळू, सावकाश निघायचं तर हेच हवं असतं. जुन्या पेट्रोल इंजिनाला तोच जोर आणायला बोंब मारावी लागायची. मग टर्बो आला. आज तीनदारी थारमध्ये २.२ लिटर डिझेल इंजिन १३० हॉर्सपॉवरचं आहे आणि दोन लिटर टर्बो पेट्रोल १५० चं, आणि ज्या टॉर्कवर अण्णांचा जीव, तो दोन्हींचा किमान ३०० न्यूटन-मीटर. म्हणजे चिखलात दोन्ही सारख्याच जोराने रुततात. वर काढणारा ट्रॅक्टर मात्र डिझेलचा असतो, त्यामुळे अण्णांचं म्हणणं शेवटी खरंच ठरतं.

इथवर तीन तास होतात. आता खरं ते सांगायला हवं, आणि ते शक्यतो जेवणानंतर सांगावं : या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा कंपनीने आधीच देऊन ठेवलेलं आहे. जिमनी घ्यायची म्हटलं तर फक्त पेट्रोल. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेलच बंद केलं. स्कॉर्पिओ-एनला चारही चाकांचा जोर हवा तर डिझेल. थार रॉक्सला हवा तरी डिझेल. गुरखा डिझेलच. ग्रँड विटारासारख्या गाडीत पेट्रोलला चारही चाकं मिळतात, पण खालचा लो गिअर नसतो, म्हणजे ओल्या सडकेला ठीक, नांगरटीतून जायला नाही. फॉर्च्युनर घेणाऱ्याला मार्गदर्शन लागत नाही, ड्रायव्हर लागतो. पेट्रोल की डिझेल असं समोरासमोर मांडून ‘निवडा’ म्हणणारी, लो गिअर असलेली, आपल्या ऐपतीतली गाडी शोधत गेलं तर हाताशी तीनदारी थार उरते. आणि तिच्यात माणसं चार बसतात. धाराशिव जिल्ह्यात चार माणसांना कुटुंब म्हणत नाहीत. आई, अण्णा, दोन पोरं, सूनबाई, आत्या आणि येरमाळ्याच्या यात्रेला येतो म्हणून स्टँडवर थांबलेलं एक माणूस, हे कुटुंब.

म्हणून पेट्रोल-डिझेलचा वाद हा मुळात तीनदार की पाचदार, चार सीट की सात सीट असा वाद आहे. हे बैठकीत जाहीर केल्यावर थोडी शांतता होते. मग दाजी म्हणतात, “तरी पण डिझेलच.”

तेव्हा हिशेब काढावा. हिशेब काढताना अण्णांना कागद द्यावा आणि मुलाच्या हातून मोबाइल काढून घ्यावा. धरून चालू, पेट्रोलची गाडी १५ लाखांची आणि तीच डिझेलमध्ये १६ लाखांची. महाराष्ट्रात वाहनकर डिझेलला दोन टक्क्यांनी जास्त आहे. दहा ते वीस लाखांच्या गाडीला पेट्रोलला १२ टक्के, डिझेलला १४. म्हणजे एकीकडे कर १ लाख ८० हजार, दुसरीकडे २ लाख २४ हजार. गाडी आणि कर मिळून डिझेलवाल्याने दारातच १ लाख ४४ हजार जास्त मोजले. आता वसुली. पेट्रोल १०५ रुपये आणि मायलेज दहाचं धरलं तर किलोमीटरला साडेदहा रुपये. डिझेल ९२ आणि मायलेज तेराचं, तर सात रुपयांच्या थोडं वर. किलोमीटरमागे सुमारे तीन रुपये बेचाळीस पैसे वाचले. जास्तीचे पैसे फिटायला सुमारे ४२ हजार किलोमीटर पळावं लागेल. शोरूमवाला सांगतो ते मायलेज धरलं तर आकडे आणखी सुंदर येतात, पण ते मायलेज शोरूमच्या दारापर्यंतच मिळतं.

४२ हजार किलोमीटर कोण पळतो, यावर सगळं आहे. मुलगा पुण्यात असेल, महिन्यातून दोनदा कुणीतरी ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ आणि भूमचा खवा घेऊन जाणार असेल, तर एका खेपेला जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर, महिन्याला हजार, आणि साडेतीन वर्षांत डिझेल फिटलं. पुढचं सगळं नफ्यात. पण गाडी रोज घरातून शेतात, शेतातून डेअरीवर, आणि मंगळवारी तुळजापूरला एवढीच पळणार असेल, महिन्याला तीनशे किलोमीटर, तर वसुलीला जवळपास बारा वर्षं. एक तप. तपश्चर्येची तयारी असणाऱ्याने डिझेल घ्यावं.

आणि त्या तपात एक विघ्न आहे, ज्याविषयी दाजी बोलत नाहीत. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी असते. जाळी भरत जाते आणि साफ व्हायला ती जळावी लागते. जळायला धूर चांगला तापावा लागतो. तापायला गाडी सडकेवर वीसेक मिनिटं सलग, बऱ्या वेगाने पळावी लागते. सोलापूर–हैदराबाद महामार्गावर नळदुर्गाहून उमरग्याला निघाल्यावर ती आपोआप साफ होते. घरातून शेतात आणि शेतातून घरात करणाऱ्या गाडीची होत नाही. डॅशवर पिवळा दिवा लागतो. अशा वेळी गाडीला काम नसताना हायवेवर फिरवून आणावी लागते, आणि कुठे निघालात म्हणून विचारल्यास “जाळी जाळायला” असं खरं उत्तर दिलं तर लोक वेगळंच समजतात.

शिवाय युरिया. काही नव्या डिझेल गाड्यांना डिझेलबरोबर युरियाचं पाणी लागतं, धुरातले वायू कमी करायला. त्याची टाकी वेगळी, आणि ती पार संपू दिली तर गाडी पुन्हा चालू व्हायला नकार देते. हे कळल्यावर घरात पहिली प्रतिक्रिया अण्णांची येते : “पोती हायेत की कोठ्यात.” खबरदार. पिकाचा युरिया गाडीत घालायचा नसतो. गाडीचा युरिया शुद्ध असतो, शुद्ध केलेल्या पाण्यात साडेबत्तीस टक्के मोजून विरघळवलेला. तरीही जून महिन्यात कृषी सेवा केंद्रापुढे पोत्यासाठी रांगेत उभं राहून आलेल्या माणसाला, दारातली गाडीही युरिया मागते म्हटल्यावर जे वाटतं, त्यावर या मार्गदर्शनात उपाय नाही.

तीच गत ड्रमच्या डिझेलची. ट्रॅक्टरसाठी आणलेलं, कापडातून गाळलेलं, तळाला पाणी साचलेलं डिझेल जुन्या ट्रॅक्टरने पचवलं म्हणून नवी गाडी पचवेल असं नाही. कॉमन रेलच्या इंजिनात इंधन हजार-दीड हजार बारच्या दाबाने केसाएवढ्या भोकांतून जातं. पाण्याचा अंश, मातीचा कण गेला की इंजेक्टर जातो, आणि इंजेक्टरच्या बिलापुढे ड्रमात वाचवलेले पैसे लाजतात. घरात ड्रम आहे म्हणून डिझेल गाडी घेणाऱ्यांनी आधी ड्रमाला कुलूप घ्यावं.

आता पेट्रोलच्या बाजूने भावनिक युक्तिवाद हवा असेल तर तो उसाचा आहे, आणि तो फक्त ऊसवाल्या घरात वापरावा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल म्हणजे आपला कारखाना. कळंब तालुक्यात चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने २०२१ च्या करोना लाटेत इथेनॉल प्रकल्पातून प्राणवायू काढून दाखवला होता; तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल ही त्या मानाने किरकोळ गोष्ट. अण्णांना सांगावं की पाच लिटर पेट्रोलमागे एक लिटर शेतातून येतं. ते दोन मिनिटं हलतात. मग विचारतात की मागच्या हंगामाचं बिल कधी येणार, आणि युक्तिवाद कोसळतो. त्यात भर म्हणजे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे मायलेज थोडं उतरतं. आणि आता देशात इथेनॉलमध्ये मक्याचाही वाटा मोठा झालाय. आपण उसाच्या प्रेमापोटी पेट्रोल भरतो आणि टाकीत निघतो कुणा दुसऱ्याचा मका.

दाजींचा राखीव मुद्दा दिल्लीचा असतो : “तिकडं दहा वर्षांच्या डिझेल गाड्या बंद केल्यात.” तो नियम दिल्ली परिसराचा आहे. आपल्याला दिल्लीला जायचं नाही. उलट तिकडच्या बंद झालेल्या डिझेल गाड्या इकडे सेकंडहँड येतात आणि दाजीच त्या कुणाकुणाला घेऊन देतात.

एक गोष्ट गमतीत सांगण्यासारखी नाही. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा आणि भूमकडे पाणी असं आलं की माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली. पुलावरून पाणी वाहताना फोर बाय फोर आहे म्हणून गाडी घालणाऱ्यांनी थारची पाण्यातली मर्यादा पाहावी : ६५० मिलिमीटर, गुडघ्याच्या थोडं वर, आणि तीही साचलेल्या पाण्यात. वाहतं पाणी गाडी उचलतं. तिथे पेट्रोल आणि डिझेल यांत काहीही फरक राहत नाही. मागे फिरावं.

तसंच, थारसारख्या गाडीत चारही चाकांचा गिअर डांबरी सडकेवर टाकून फिरू नये. कोरड्या सडकेवर वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, ताण सगळा मधल्या दांड्यांवर येतो आणि गिअरबॉक्स कुरकुरतो. हे घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगावं. तो ऐकणार नाही. चौकात उभ्या असलेल्यांना तो गिअर दिसतो असा त्याचा समज असतो.

निर्णय झाला, गाडी आली, तुळजापूरला पूजा झाली, एमएच-२५ ची पाटी लागली, चाकाखाली लिंबू चिरडलं, की शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं काम करावं. टाकीच्या झाकणावर मोठ्या अक्षरात इंधनाचं नाव चिकटवावं. कारण पहिल्या लग्नसराईत गाडी दाजी घेऊन जाणार, आणि पंपावर पोऱ्याने “काय टाकू?” विचारल्यावर दाजी फोनवर असणार. डिझेल गाडीत पेट्रोल गेलंच तर चावी फिरवू नये, एकदाही नाही. डिझेलच्या पंपाला आणि इंजेक्टरला वंगण डिझेलचंच असतं; चावी फिरली की पेट्रोल आत जातं आणि सगळी ओळ धुऊन काढते. गाडी ढकलून बाजूला घ्यावी, टाकी रिकामी करायला मेकॅनिक बोलवावा. दाजींना परत बोलावू नये. ते येतात, बोनेट उघडतात, “काय होत नसतं” म्हणतात आणि आत बसून चावी फिरवतात.