मोटर मागवली, वऱ्हाड आलं

पुरवठादाराकडून गिअर्ड मोटरची स्टेप फाइल मागवा. फ्यूजन या कॅड सॉफ्टवेअरमध्ये कन्व्हेयरच्या डिझाइनमध्ये टाका आणि माउसने जरा सरकवून पाहा. शाफ्ट हाताला लागेल, मोटर जागची हलणार नाही. अभिनंदन, इम्पोर्ट जमलं.

१९९४ साली आयएसओ १०३०३ म्हणून आलेला हा स्टेप प्रकार भागांचे आकार आणि जागा इमानाने पोचवतो. त्यांना एकमेकांशी बांधणारे जॉइंट किंवा मेट मात्र मूळ सॉफ्टवेअरमध्येच राहतात. त्यामुळे मोटर म्हणून वऱ्हाड येतं: बेअरिंग, सर्क्लिप, टर्मिनल बॉक्सचे स्क्रू, वॉशर, झालंच तर नेमप्लेटवर कोरलेलं अक्षर न् अक्षर.

शाफ्ट निसटला की पुढच्या कमांडला 'कॅप्चर पोझिशन'ची विचारणा येते. नवशिक्याने ती न वाचता होकार द्यावा. निसटलेला शाफ्ट मग टाइमलाइनमध्ये रीतसर नोंदला जातो.

आता प्रत्येक वॉशरला जॉइंट लावत बसा. दुपार मजेत जाते. कंटाळा आला तर सगळं जागच्या जागी खिळवून टाका. मग क्लायंट कन्व्हेयर 50 मिमी वर घ्यायला सांगेल, कन्व्हेयर वर जाईल आणि मोटर खालीच राहील.

धाडसी मंडळींसाठी 'कंबाइन' आहे. सगळे भाग एकाच सॉलिडमध्ये वितळवा. दोन भाग फक्त एका कडेवर टेकत असतील तर सॉफ्टवेअर हात वर करेल. जुळलंच तर मटेरियलही एकच: पंख्याचं प्लॅस्टिकचं कव्हर स्टीलचं होईल, आणि त्या वजनावर कोणीतरी ब्रॅकेट डिझाइन करेल.

हे सगळं करून झालं असेल तर भाग निवडून 'रिजिड ग्रुप' करा. काम तेवढ्यानेच होतं. शाफ्ट फिरवून दाखवायचा असेल तर तो ग्रुपबाहेर ठेवून रिव्होल्यूट जॉइंट द्या.

पण ग्रुपने फक्त हालचाल थांबते. भाग वेगळेच राहतात. पार्ट लिस्टमध्येही एकच ओळ हवी असेल तर ऑनशेपमध्ये 'कंपोझिट पार्ट' करा, आणि तो 'क्लोज्ड'च ठेवा. ओपनमध्ये आतली मंडळी पुन्हा डोकं वर काढतात. सॉलिडवर्क्समध्ये असेम्ब्ली पार्ट म्हणून सेव्ह करा. तिथे 'एक्स्टिरिअर फेसेस' निवडलं तर फाइल हलकी होते, पण हाती फक्त सरफेस उरतात आणि मोटरचं वजन शून्य भरतं. कॅटलॉगमधला आकडा हाताने भरा. विकत घेतलेल्या वस्तूच्या पोटात काय आहे, याची उठाठेव मी तरी करत नाही.

एवढंही नको असेल तर लिस्ट आहे तशीच पाठवा. पर्चेसवाले सर्क्लिपसाठी तीन कोटेशन मागवतील आणि मोटर राहून जाईल.