एक बिऱ्हाड, दोन रांगा

लंडनच्या उत्तरेकडील एका उपनगरात आमचे जे तीन माणसांचे बिऱ्हाड आहे, त्यात वरणाला फोडणी एकदाच पडते; परंतु परराष्ट्रव्यवहाराच्या दृष्टीने पाहू जाता त्या दोन खोल्यांत दोन सार्वभौम सत्ता नांदत आहेत, कारण सौ. ब्रिटनची नागरिक, चार वर्षांची कन्या जन्मतःच ब्रिटिश, आणि प्रस्तुत लेखक मात्र अद्याप भारताचे निळे पारपत्र उराशी धरून बसलेला.

सेंट पँक्रासहून आगगाडीने पॅरिस सव्वादोन तासांवर. ‘अरे, सांगलीहून पुण्याला जायला याहून जास्त वेळ लागतो, मग एवढं काय मांडलंय?’ असे आई फोनवर विचारते, तेव्हा तिला काय सांगावे? 1985 साली लक्झेंबर्गमधील शेंगेन या खेड्यापाशी, मोझेल नदीतील एका नौकेवर बसून पाच राष्ट्रांनी आपसांतील सरहद्दी पुसण्याचा करार केला, हे कृत्य थोर खरेच; पण आतल्या रेषा पुसून वाचलेली सगळी शाई त्यांनी बाहेरच्या रेषेवर खर्च केली असावी, असा माझा दाट संशय आहे. पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचे, हसू वर्ज्य असलेले छायाचित्र, तीस हजार युरोंचा विमा, बँकेचे उतारे, रजा मंजूर असून नोकरीही शाबूत असल्याचा मालकाचा दाखला आणि नव्वद युरोंचे शुल्क, एवढा सरंजाम घेऊन मी पॅरिसच्या व्हिसासाठी दप्तरात हजर झालो. उजव्या हाताची चार बोटे काचेवर उमटेनात. खिडकीमागच्या बाईंनी ओला कागद दिला, मी बोटे पुसली, दाबली, पुन्हा पुसली. आणि ज्यांना या कशाचीच गरज नव्हती त्या दोघी मागच्या बाकावर चिवडा खात माझी फजिती निवांतपणे पाहत होत्या. मुख्य मुद्दा असा की, सहल संपताच मी लंडनला परतेन हे मला सिद्ध करायचे होते. मी परत येत नाही ही आईची जुनी तक्रार, आणि मी परत जाईन याचा पुरावा फ्रेंच सरकारला हवा. दोन्ही पक्षांचे समाधान होईल असा कागद अजून कोणत्याही कचेरीत मिळत नाही.

मुंबईच्या विमानतळावर मात्र पारडे फिरते. आपल्या कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नसल्यामुळे मिरजेत जन्मलेल्या सौ.ला जुने पारपत्र सरकारजमा करावे लागले, आणि माहेरी यायला ‘ओसीआय’ नावाची सनद मिळवावी लागली. या सनदेने तहहयात येण्याजाण्याची मुभा मिळते, मताधिकार मिळत नाही, आणि शेतजमीन खरेदी करता येत नाही. मळ्याशेजारचे हळदीचे रान सुनेच्या नावे घ्यावे, हा बाबांचा जुना मनोदय होता. त्यांनी कलम दोनदा वाचून घेतले, चष्मा काढला आणि ‘म्हणजे सून घरची, पण सातबाऱ्याला परकी,’ एवढेच म्हणाले.

माझा पॅरिसचा व्हिसा मंजूर झाला, तोही सहलीच्या मुदतीपुरताच. तेव्हा उन्हाळ्यात लंडनला येऊन आमच्यासवे पॅरिस पाहण्याचा बेत कोणी आप्त आखत असतील, तर आमच्याकडे मुक्काम खुशाल करावा. पण शेंगेनचा अर्ज मुंबईतच देऊन निघावे. तो सहा महिने आधीपासून घेतात, आणि लंडनला पाहुणा म्हणून आलेल्याचा अर्ज इथे सहसा स्वीकारत नाहीत.